दहा किलोमीटरच्या आतल्या शेजाऱ्यांना

विमानतळाच्या आसपास राहणाऱ्या, दुकान थाटलेल्या, गच्चीवर दाणे टाकणाऱ्या आणि घंटागाडीवर काम करणाऱ्या सर्वांना,

स. न. वि. वि.

मी तुमच्यातलाच एक. एकोणीस वर्षं धावपट्टीवरचे पक्षी हाकलले, आता दोन वर्षं घरी आहे. कागदोपत्री पदाचं नाव लांबलचक होतं, पण सगळे आम्हाला ‘बर्ड चेसर’ म्हणायचे. गावाकडे कुणी विचारलं तर आई सांगायची, ‘‘विमानतळावर राखणीला असतो.’’ तिचं बरोबर होतं. जोंधळा हुरड्यात आला की गोफण घेऊन माळ्यावर उभं राहायचं, तेच हे काम. गोफणीच्या जागी सुतळी बॉम्ब आला आणि कणसांच्या जागी विमानातली एकशे ऐंशी माणसं, एवढाच फरक.

कुठला विमानतळ ते लिहीत नाही. लिहून कुणाचं भलं व्हायचं नाही, आणि जे सांगायचंय ते कुठल्याही विमानतळाला लागू पडतं.

भाद्रपदातली एक सकाळ होती. रात्रभर पडून पाऊस थांबला होता. दिवसाचं पहिलं विमान उतरलं आणि वॉकीवर टॉवरचा आवाज आला: पायलटला उतरताना धप्प झाल्यासारखं वाटलंय, रनवे बघून या. मी आणि जीपवाला निघालो. मधल्या पांढऱ्या पट्ट्याच्या कडेला घार पडली होती. डावा पंख शाबूत, पूर्ण पसरलेला, कुणी वाळत घातल्यासारखा. बाकीचं वर्णन करत नाही, चहा घेताना वाचत असाल. पाय मात्र आखडलेले होते आणि उजव्या पायाच्या नख्यांत कोंबडीच्या तंगडीचं हाड अडकलेलं होतं. हाडाला केशरी भाताची चार-पाच शितं आणि तळलेल्या कांद्याची एक काळपट काडी चिकटलेली.

बिर्याणी होती ती. आदल्या रात्री ते हाड कुणाच्या तरी ताटात होतं. ताटातून काळ्या पिशवीत, पिशवीतून कोपऱ्यावरच्या ढिगात आणि उजाडता उजाडता घारीच्या पायात. घार पुष्कळदा बसून खात नाही. पाय पुढे घेऊन, मान खाली घालून ती उडता उडताच खाते. तशी ती खात असणार आणि मागून विमान आलं.

विमानाच्या पंखाच्या पुढच्या कडेला परातीएवढा पोचा पडला होता. विमान दिवसभर उभं राहिलं, परतीची फेरी रद्द झाली, प्रवाशांनी काउंटरवरच्या पोरीला फैलावर घेतलं. मी घारीची पिसं पिशवीत भरली, पिशवीवर तारीख घातली आणि फॉर्म भरायला बसलो. फॉर्मात सगळे रकाने होते: वेळ, ठिकाण, पक्ष्याची जात, विमानाचं कुठे नुकसान झालं. हाडासाठी रकाना नव्हता. मी साहेबांना हाड दाखवलं. ते म्हणाले, ‘‘याचं काय करू मी?’’ आणि खरंच, ते तरी काय करणार होते?

हे पत्र म्हणजे तो राहिलेला रकाना समजा.

‘एवढ्याशा पाखरानं एवढ्या मोठ्या विमानाचं काय होणार’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हिशेबच सांगतो. घार सातशे ग्रॅमची धरा, म्हणजे कोबीच्या एका गड्ड्याएवढी. विमान जमीन सोडतं तेव्हा त्याचा वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगात ती घार समोर आली तर बसणारा दणका वीस किलो तांदळाची गोणी तिसऱ्या मजल्यावरून पडावी तेवढा. तोही पसरून नाही, ताटाएवढ्या जागेत आणि पापणी लवायच्या आत. इंजिनात गेली तर गोष्ट आणखी वेगळी. आपल्याकडे देशांतर्गत उडणाऱ्या मध्यम विमानांच्या इंजिनाचा पुढचा पंखा सुटताना मिनिटाला काही हजार फेरे घेत असतो. एक पातं वाकलं की सगळ्याचा तोल जातो. तुकडा निघाला तर तो आत जातो आणि जे सापडेल ते फोडत जातो.

विमान बनवणाऱ्यांना हे ठाऊक नाही असं नाही. चालू इंजिनात तोफेसारख्या नळीतून मेलेले पक्षी डागून चाचणी घेतात, काचेवर डागतात, शेपटावर डागतात. अमुक वजनाचा एक पक्षी आत गेला तर इंजिन बंद पडलं तरी चालेल पण फुटता कामा नये, तमुक वजनाचे अनेक गेले तर ते चालू राहिलं पाहिजे, असे नियम आहेत. पण चाचणीतला पक्षी मोजून-मापून घेतलेला असतो. आभाळातला कुणी तोलून सोडत नाही.

४ ऑक्टोबर १९६० ला बॉस्टनच्या लोगन विमानतळावरून चार इंजिनांचं एक इलेक्ट्रा विमान संध्याकाळी उडालं आणि काही सेकंदांत स्टार्लिंग पक्ष्यांच्या थव्यात शिरलं. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीच्या कुळातला, मुठीत मावेल एवढा पक्षी. तीन इंजिनांत पक्षी गेले, विमान खाडीत कोसळलं. ७२ पैकी ६२ माणसं गेली. पक्ष्यांच्या धडकेनं झालेल्या अपघातात एका विमानातली एवढी माणसं त्याआधी कधी गेली नव्हती. त्या अपघातानंतर पिसांचे तुकडे स्मिथसोनियन संग्रहालयात रॉक्सी लेबर्न नावाच्या बाईंकडे गेले. त्यांनी पिसांवरून पक्षी ओळखून दिला आणि पुढे आयुष्यभर तेच काम केलं. पिसाचा तुकडा बघून जात सांगायची. मी पिशव्या भरायचो तेव्हा या बाईंची आठवण यायची. आपली पिशवी कुणी उघडत असेल का, असंही वाटायचं.

१९८८ मध्ये इथिओपियात बाहिर दार इथे पारव्यांच्या जातीतले पक्षी दोन्ही इंजिनांत गेले. विमान परत फिरलं पण पोटावर उतरावं लागलं आणि आग लागली, ३५ माणसं दगावली. अलीकडचं म्हणजे २९ डिसेंबर २०२४, दक्षिण कोरियातला मुआन. उतरायच्या बेतात असलेल्या विमानाच्या पायलटनं पक्ष्यांची धडक कळवली आणि थोड्याच वेळात विमान चाकांशिवाय घसरत धावपट्टीच्या टोकाबाहेरच्या काँक्रीट असलेल्या बांधावर आदळलं. १८१ पैकी दोघं वाचले. दोन्ही इंजिनांत बैकल टील या रानबदकाची पिसं आणि रक्त सापडलं. तो बांध तिथे का होता, हा प्रश्न कोरियात अजून धुमसतोय आणि तो रास्तच आहे. पण सुरुवात बदकांपासून झाली.

आपल्याकडे इतकं मोठं झालेलं नाही. ‘झालेलं नाही’ म्हणताना मी अजूनही लाकडाला हात लावतो. १९ जून २०२२ ला पाटण्याहून दिल्लीला निघालेल्या विमानाच्या डाव्या इंजिनातून ज्वाळा निघाल्या त्या खालच्या लोकांनी डोळ्यांनी बघितल्या. पायलट मोनिका खन्ना यांनी ते इंजिन बंद करून एकावर विमान माघारी आणलं, सगळे १८५ प्रवासी सुखरूप. गोव्यात १६ नोव्हेंबर २०१९ ला दाभोळीहून उडालेलं नौदलाचं मिग-२९के पक्ष्यांच्या थव्याला लागलं, एक इंजिन बंद पडलं, दुसऱ्याला आग लागली. दोन्ही वैमानिकांनी विमान वस्तीपासून लांब नेलं आणि मग स्वतः बाहेर पडले. दोघंही वाचले. ही दोन्ही विमानं दोन इंजिनांची. हवाई दलाकडं एका इंजिनाचीही आहेत, आणि एकच असलं की पक्षी लागल्यावर विचार करायला फार वेळ मिळत नाही.

आता आमच्या कामाबद्दल. लोकांना वाटतं आम्ही पहाटेपासून रात्रीपर्यंत बॉम्ब उडवतो. बॉम्बचा भाग शेवटचा. खरं काम गवताचं, पाण्याचं आणि किड्यांचं. गवत फार बारीक ठेवलं तर टिटव्या आणि बगळे खुशाल उतरतात, चारी बाजूंनी दिसतं म्हणून. फार वाढू दिलं तर उंदीर होतात, उंदरांमागे कापशी आणि रात्री घुबडं. मधली वीतभर उंची धरायची आणि ती पावसाळ्यात धरून ठेवायची म्हणजे काय, ते अंगणात लॉन असलेल्यांना विचारा. गवत कापलं की त्यातले नाकतोडे उघडे पडतात आणि ट्रॅक्टरच्या मागे गायबगळ्यांची रांग लागते. शेतात नांगरामागे लागते तशीच. म्हणून कापणी रात्री, विमानं नसताना.

पहिल्या पावसानंतरची संध्याकाळ आम्हाला नको वाटायची. वारुळांतून वाळवीची पाखरं निघायची, धुरासारखी वर चढायची, आणि त्यांच्यावर घारी, कावळे, साळुंक्या, वेडे राघू, सगळा गाव गोळा. श्रावण-भाद्रपदात रात्री पाऊस झाला की सकाळी गांडुळं धावपट्टीवर यायची. डांबर ऊबदार असतं, मातीत पाणी भरलेलं असतं, ती तरी काय करणार. हजारोंनी यायची. खराट्यानं झाडली आहेत मी गांडुळं. तीन किलोमीटरच्या धावपट्टीवर चार माणसं खराटे घेऊन गांडुळं झाडताहेत, हे चित्र तुम्ही खिडकीतून कधी बघितलं नसणार, कारण त्या वेळी तुम्ही सुरक्षा तपासणीच्या रांगेत पट्टा काढत असता.

टिटवीचं मला वाईट वाटायचं. टिटवी आभाळ पेलायला पाय वर करून झोपते म्हणतात. ती घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर चार अंडी घालते आणि मग त्या अंड्यांसाठी कुणाच्याही अंगावर जाते, विमानाच्याही. आम्ही अंडी शोधून कुंपणाबाहेर हलवायचो. ती रात्रभर ओरडत राहायची. गावाकडे टिटवी ओरडली की अपशकुन मानतात. माझ्या नोकरीत मात्र टिटवी गप्प झाली की मी जीप काढायचो.

आणि घारी. घार हिंडते आकाशी, चित्त तिचं पिलापाशी, हे शाळेत शिकलो. एकोणीस वर्षांत मला कळलेलं असं की चित्त तिचं चिकनच्या दुकानामागच्या गटारापाशी असतं. तिथे रोज किती वाजता पातेलं उपडं होतं, हे तिला दुकानदाराच्या बायकोपेक्षा जास्त नेमकं ठाऊक. घारी आमची जीप ओळखायच्या. सुट्टीवरून आलो की दोन दिवस नव्या गड्यासारखं वागवायच्या, मग ओळख पटायची. गॅसची तोफ बसवली, ठरावीक वेळानं धडाम होणारी, आठवडाभर चांगली चालली. नवव्या दिवशी तोफेच्या नळीवर साळुंकी बसलेली. धडाम झालं की दोन फूट उडायची आणि परत बसायची.

बंदूक का घालत नाही, असं लोक सरळ विचारतात. एक तर घार वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते. आणि दुसरं, मारून उपयोग नाही. जोवर गटारामागे पातेलं उपडं होतंय तोवर एका घारीची जागा दुसरी घेणार, आणि नवी आलेली विमानांना सरावलेली नसते, ती जास्त धोक्याची.

कुंपणाच्या आत माझं राज्य होतं. कुंपण ओलांडलं की तुमचं. विमान सुटताना आणि उतरताना खालच्या दोन-तीन हजार फुटांत असतं तेव्हाच बहुतेक धडका होतात. उतरणारं विमान कुंपणाच्या आत येण्याआधी कितीतरी किलोमीटर तुमच्या टाक्यांवरून, डिशवरून आणि दोऱ्यांवरच्या चादरींवरून येत असतं. तिथं माझा सुतळी बॉम्ब पोचत नाही.

कायद्याला हे ठाऊक आहे. १९३७ च्या विमान नियमांतला ९१ वा नियम सांगतो की विमानतळाच्या मध्यबिंदूपासून दहा किलोमीटरच्या आत, पशुपक्षी खेचले जातील अशा तऱ्हेनं जनावरं कापायची नाहीत, सोलायची नाहीत, कचरा आणि घाण टाकायची नाही. याला तुरुंगवासाचीही तरतूद आहे. तुम्हाला माहीत होतं? मला नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं, आणि मी विमानतळाच्या भिंतीला लागून असलेल्या चाळीत वाढलो. गल्लीच्या तोंडाशी ‘येथे लघवी करू नये’ लिहिलेलं होतं, ‘येथे कचरा टाकल्यास विमान पडू शकते’ असं कुणी लिहिलं नव्हतं. दहा किलोमीटर म्हणजे किती, हे नकाशावर कंपास ठेवून बघा. पुण्यात लोहगावला टोक ठेवलं तर अर्धं शहर आत येतं. मुंबईत सांताक्रूझला ठेवलं तर काय आत येतं ते मोजण्यापेक्षा काय बाहेर राहतं ते मोजणं सोपं.

या कायद्याची सगळ्यांना आठवण कधी होते ते सांगतो. बेंगळुरूजवळ येलहंका हवाई तळावर दर दोन वर्षांनी ‘एरो इंडिया’ हे विमानांचं प्रदर्शन भरतं. २०२५ मध्ये तिथल्या महापालिकेनं प्रदर्शनाच्या आधीपासून जवळपास महिनाभर तळाच्या तेरा किलोमीटर परिघात मांसाहारी पदार्थ विकायला आणि वाढायला बंदी घातली. कारण काय, तर उरलंसुरलं उघड्यावर टाकलं जातं आणि घारी येतात. परदेशी पाहुण्यांच्या विमानांसाठी महिनाभर हे जमतं. उरलेला सगळा काळ तुमची-आमची विमानं त्याच घारींमधून जातात.

आणि बंदी हा उपाय मला मुळीच मान्य नाही, हेही इथेच सांगतो. मी रविवारी मटण आणणारा माणूस आहे. दुकान बंद करून कोंबडी खाणं थांबत नाही, ती दोन गल्ल्या पलीकडे कापली जाते आणि पिसं नाल्यात जातात. मटण-चिकनच्या दुकानदार भावांनो, तुमच्याकडं मी दुकान मागत नाही, झाकण मागतोय. आतडी, पिसं, पंजे हे झाकणाच्या पिंपात गेलं आणि पिंप रोज उचललं गेलं तर घारीला तुमच्या दुकानाचा पत्ता लक्षात ठेवायचं कारण उरत नाही. आमच्या भागातल्या एका दुकानदारानं पत्र्याचं झाकण आणि वर दगड ठेवायला सुरुवात केली. महिन्याभरात त्याच्या छपरावरच्या घारी कमी झाल्या. शेजारच्या दुकानाच्या छपरावर वाढल्या, ते सोडा. शेजारच्यानंही दगड शोधावा एवढंच माझं म्हणणं.

तुम्ही म्हणाल, पिंप उचलणारी गाडीच येत नाही. खरंय. इथे मी पत्राचं तोंड पालिकेकडं वळवतो. विमानतळाच्या आसपासच्या पर्यावरणासाठी समित्या असतात, त्यात विमानतळवाले, पालिकेचे अधिकारी, पोलीस बसतात. मी अशा एका बैठकीत मागच्या खुर्चीवर होतो. बिस्किटं चांगली होती. पक्ष्यांचे आकडे वाचून झाले, कचऱ्याच्या ढिगांचे फोटो दाखवून झाले, आणि संबंधित विभागानं दखल घ्यावी असं ठरलं. पुढच्या बैठकीत तेच फोटो होते. एका ढिगाशेजारी मधल्या काळात कुत्र्यानं पिलं घातली होती, तेवढा नवा मुद्दा. माझी मागणी फार लहान आहे. शहरभराचा कचरा जमेल तसा उचला, पण धावपट्टीच्या दोन्ही टोकांच्या सरळ रेषेत, जिथून विमानं खाली येतात, तिथले ढीग उजाडायच्या आत उचला. घार ऊन तापून हवा वर चढायला लागल्यावर उंच जाते. त्याआधी ती छपरांवर असते, आणि तेव्हा खाली काही नसेल तर ती दुसरीकडे जाते. घंटागाडी साडेनऊला येत असेल तर तिचा घारीला काही उपयोग नाही आणि विमानालाही नाही.

गच्चीवर पारव्यांना दाणे टाकणाऱ्या काकूंना काय लिहावं, हे कळत नाही. आमच्याकडं लहानपणी घास भरवतानाच काऊचा आणि चिऊचा घास काढतात, त्यामुळे पाखराला खाऊ घालणं चूक आहे असं मी कुठल्या तोंडानं सांगू? दादरच्या कबुतरखान्यावरून केवढं रामायण झालं ते सगळ्यांनी बघितलं. मी एवढंच सांगतो की मूठभर दाणे आणि पाच किलोचं पोतं यात फरक आहे. पोतं टाकलं की दोनशे पारवे ठरल्या वेळी येतात आणि दाणे संपले की एकदम उठतात. दोनशे पारवे एकदम उठले की ते कुठल्या उंचीवर जातात आणि तिथून साडेसातचं विमान किती वाजता जातं, हे दोन्ही मला पाठ आहे. पितृपक्षात कावळ्याला पान ठेवता, त्याला माझी हरकत नाही. कावळा शहाणा आहे, एकोणीस वर्षांत मला धावपट्टीवर मेलेले कावळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सापडले. फक्त पान नंतर खाली घ्या. कावळा बासुंदी घेतो, उरलेला वडा घार नेते.

आता एक गोष्ट, जिच्यात कुणाच्या बिर्याणीचा दोष नव्हता.

२० मे २०२४ ला रात्री नऊच्या सुमाराला दुबईहून आलेलं विमान मुंबईत उतरत होतं आणि घाटकोपरवर ते फ्लेमिंगोंच्या, म्हणजे रोहित पक्ष्यांच्या थव्यात गेलं. विमान सुखरूप उतरलं. खाली पंतनगर, लक्ष्मीनगरच्या गल्ल्यांत रोहित पक्ष्यांचे पाय, माना आणि गुलाबी पिसं पडली. एकूण ३९ पक्षी मेले. माझा चुलतभाऊ त्या भागात राहतो. त्यानं रात्री फोनवर एक फोटो पाठवला: उभ्या केलेल्या रिक्षाच्या टपावर एक लांब गुलाबी पीस, पावसाचं पाणी चिकटावं तसं चिकटलेलं. खाली लिहिलं होतं, ‘‘हे तुझ्या खात्यातलं आहे का?’’ नव्हतं. तोवर माझी नोकरी संपत आली होती आणि फ्लेमिंगो मी धावपट्टीवर कधी बघितला नव्हता.

हे पक्षी ठाण्याच्या खाडीतले. २०१५ मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत नाव लागलं. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात. भरतीला चिखल पाण्याखाली गेला की त्यांना उथळ पाण्यात पाय टेकायला जागा लागते, म्हणून ते पलीकडे नवी मुंबईच्या पाणथळींवर येतात, सीवूड्सकडचे तलाव वगैरे. भरती-ओहोटी घड्याळ बघून चालत नाही, त्यामुळे ही ये-जा रात्रीही असते. उन्हाळा संपताना थवेच्या थवे गुजरातकडे, कच्छच्या रणाकडे निघतात, तेही बरेचदा रात्री. २०२४ मध्येच सीवूड्सच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी यायची वाट बंद झाली, तलाव वाळला आणि त्या दिवसांत पक्षी भरकटून रस्त्यावर आले, काही मेले. घाटकोपरच्या थव्याचा आणि त्या तलावाचा थेट संबंध होता असं मी म्हणत नाही. पण उभं राहायची जागा गेली की पक्षी काय करतो, एवढं सांगायला मला कुणा शास्त्रज्ञाची गरज नाही. तो दुसरी जागा शोधत फिरतो, आणि फिरतो म्हणजे उडतो.

आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, खाडीच्या त्याच बाजूला. ‘पाणथळी बुजवा, म्हणजे पक्षी जातील आणि विमानांना धोका राहणार नाही’ असं म्हणणारी माणसं मला भेटली आहेत, त्यांतली काही शिकलेली. त्यांनी एकदा पक्ष्याच्या डोळ्यांनी वरून बघावं. तलावाच्या जागी इमारती झाल्या. खाडीवर भरती आहे. आजूबाजूला मैलभर सपाट, मोकळी, झाडं नसलेली, कुत्री आणि माणसं नसलेली, चारी बाजूंनी लांबवर दिसणारी एकच जागा उरली आहे आणि पावसाळ्यात तिच्या कडेला पाणीही साचतं. तिला आपण विमानतळ म्हणतो. तलाव जिथे आहे तिथे आहे हे ठाऊक असलं की पक्ष्यांच्या जाण्या-येण्याच्या वेळा आणि वाटा मांडता येतात, टॉवरला सांगता येतात. तलाव बुजवला की ठाऊक असलेली एक वाट मोडून दहा नव्या तयार होतात.

पक्ष्यांवर राग काढण्याचं काय होतं, त्याचा नमुना न्यूयॉर्कला मिळाला. १५ जानेवारी २००९ ला ला-गार्डियावरून उडालेल्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत कॅनडा गूज जातीचे रानहंस गेले. चाचणीत धरतात त्यापेक्षा कितीतरी जड. कप्तान सलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीवर उतरवलं आणि सगळे १५५ जण वाचले, हे बहुतेकांना माहीत आहे. पुढचं कमी जणांना माहीत असेल. न्यूयॉर्कच्या तळ्यांवर बारमाही राहणारे हंस पकडून मारायची मोहीम निघाली. तिकडे स्मिथसोनियनच्या मंडळींनी इंजिनातली पिसं तपासली. पक्षी जिथे पिसं बदलतो तिथल्या पाण्याची खूण पिसातल्या हायड्रोजनमध्ये उतरते. त्यावरून निघालं की इंजिनातले हंस शहरातले नव्हतेच, कॅनडातल्या लॅब्रेडॉरकडचे पाहुणे होते. म्हणजे मारले गेले ते वेगळे आणि विमानाला लागले ते वेगळे. शहरातल्या हंसांचा धोका नव्हता असं नाही, तोही होताच. पण कुठला पक्षी, कुठून, कशासाठी, हे आधी विचारावं आणि मग हात उगारावा, एवढं यातून मी घेतलं.

सोसायट्यांच्या सेक्रेटरी मंडळींना एक विनंती. पाण्याच्या टाकीवरच्या घारींचं, गच्चीवरच्या पारव्यांचं आणि कोपऱ्यावरच्या ढिगाचं एक साधं पान करा: तारीख, वेळ, किती होते, काय खात होते. महिनाभर लिहा आणि विमानतळाच्या कार्यालयात नेऊन द्या. पोच घ्या. आमच्याकडं आतल्या पक्ष्यांची नोंद होती, बाहेरच्यांची कुणाकडेच नव्हती. त्या फॉर्मात रकाना वाढवायला साहेबांना वरून परवानगी लागेल. तुम्हाला वहीत रेघ मारायला कुणाची लागत नाही.

मी सुरुवात केली आहे. आज सहा चाळीसला गच्चीवर गेलो. समोरच्या सोसायटीच्या टाकीवर अकरा घारी, दोन पिलं धरून. खाली कोपऱ्यावर तीन काळ्या पिशव्या, त्यांतली एक फाटलेली. सातचं विमान निघायला वीस मिनिटं होती, आणि घंटागाडीचा आवाज अजून कुठे नव्हता.

आपला,
धावपट्टीवरून घरी आलेला एक शेजारी